गाडीचे कान

मुळशी तालुक्यात आता मोटारी पुष्कळ झाल्या. पौडच्या बाजारात मोटारी. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात तर मोटारींची रांगच लागते. आपल्या गावातही कोणाच्या ना कोणाच्या दारात गाडी असते.

गाडी मागे घेताना आतून 'टूं टूं' असा आवाज येतो. तो तुम्ही ऐकला असेल. मागे अडथळा असला की हा आवाज होतो. अडथळा जवळ आला की तो भराभर होतो. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना ही सोय हवीच, असा सरकारचा नियम आहे.

ही सोय चालते कशी? घाटात कड्यासमोर उभे राहून हाक मारा. हाक कड्यावर आपटते नि परत येते. येथेही तसेच होते. गाडीच्या मागच्या बंपरवर लहान गोल चकत्या असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. सेन्सर आवाज सोडतो, पण तो आपल्याला ऐकू येत नाही. वटवाघूळ अंधारात असाच आवाज सोडून वाट काढते. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागला, यावरून भिंत किती लांब ते यंत्र ठरवते.

पण लक्षात ठेवा. हे गाडीचे कान आहेत, डोळे नव्हेत. या कानांना पुष्कळ गोष्टी कळत नाहीत.

दगड ठेंगणा असला, तर आवाज त्याच्या वरून निघून जातो. खुंटी किंवा तार बारीक असली, तर आवाज पुरेसा परत येत नाही. मऊ कापड आवाज पिऊन टाकते. खाचराच्या कडेला किंवा चरापाशी तर आवाजाला आपटायला काहीच नसते. यंत्र गप्प राहते, आणि चाक खाली जाते!

चिखल चिकटला की हे कान बुजतात. जोराच्या पावसात किंवा उंच गवतात यंत्र कधी उगाच ओरडते. मग माणूस त्याच्याकडे लक्षच देईनासा होतो. हेही वाईटच.

सर्वांत मोठी काळजी मुलांची. अंगणात मूल खाली बसून खेळत असते. ते ठेंगणे असते. कधी ते बाजूने एकदम धावत येते. तासाला ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, गाडी मागे आली तरी एका सेकंदात ती सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर सरकते. आवाज ऐकून ब्रेक दाबेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो.

मग आपण काय करावे? गाडीत बसण्याआधी मागे एक फेरी मारावी. खाली वाकून पाहावे. मुलांना जवळ बोलावून ओट्यावर बसवावे. सेन्सर ओल्या फडक्याने पुसावेत. मागे एक माणूस उभा करावा, पण गाडीच्या वाटेत नव्हे, बाजूला. काच खाली करून त्याची हाक ऐकावी. गाडी हळू घ्यावी.

यंत्र मदतनीस आहे. राखणदार आपणच आहोत.

सांगा पाहू : तुमच्या अंगणात गाडी मागे घेतात, तेव्हा मुले कोठे असतात?