क्ष-किरणांचे ठिपके व अणूंची मांडणी
(इयत्ता सातवीच्या विज्ञान-पाठासाठी)

क्ष-किरण म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर मोडलेल्या हाडाचे छायाचित्र उभे राहते. ते अक्षरशः छायेचे चित्र होय. परंतु याच किरणांच्या साह्याने शास्त्रज्ञ अणूंची मांडणी शोधतात तेव्हा हाती येतात ते केवळ ठिपके. मांडणी त्यांवरून गणिताने काढावी लागते. हा भेद वर्गात स्पष्ट व्हावा, एवढाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

उदाहरण आपल्याच उपनगरातील घ्यावे. चेंबूरपलीकडे तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील एम. व्ही. होसूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एड्सच्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. हे प्रथिन कात्रीचे काम करते. विषाणूची प्रथिने प्रथम लांब साखळीच्या रूपाने तयार होतात. ही कात्री साखळीचे ठरावीक जागी तुकडे करते, आणि मगच नवा विषाणू दुसऱ्या पेशीस बाधा करण्याजोगा होतो. कात्री अडवून ठेवणारी औषधे १९९५ पासून वापरात आली. पण विषाणू आपले रूप पालटतो व औषध त्यावर चालेनासे होते. म्हणून कात्री नेमकी कापते कशी, हे जाणणे अगत्याचे ठरते. होसूर यांच्या गटाला ती कापता कापता सापडली : साखळीचा बंध नुकताच तुटलेला, पण दोन्ही तुकडे अजून कात्रीतच धरलेले, अशी अवस्था त्यांना स्फटिकात आढळली.

हे साध्या सूक्ष्मदर्शकाने का दिसू नये, असा प्रश्न चाणाक्ष मुले विचारतीलच. एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातील एक भाग सुमारे एका अणूएवढा होईल. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या हजारो पट मोठी. भरड चाळणीने मैदा चाळण्यासारखेच ते. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र अणूच्या मापाची असते. अडचण एवढीच की प्रथिनाचे स्फटिक अतिशय लहान असतात व किरण क्षीणपणे विखुरतात. त्यासाठी प्रखर किरण हवेत. प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन चुंबकांनी वर्तुळात वळविले असता, सायकलच्या चाकावरून चिखल उडावा तसे क्ष-किरण स्पर्शरेषेच्या दिशेने बाहेर पडतात. या यंत्रास सिंक्रोट्रॉन म्हणतात. वरील कामासाठी फ्रान्समधील ग्रनोबल येथील ८४४ मीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉनचे साह्य झाले. आपल्या देशात इंदूर येथे १७२.५ मीटर परिघाचे 'इंडस-२' आहे, व प्रथिनांच्या स्फटिकांसाठी भाभा केंद्राने तेथे स्वतंत्र सोय उभारली आहे.

आता प्रयोग. खर्च काहीच नाही. रात्री दूरच्या एकट्या दिव्याकडे छत्रीच्या काळ्या कापडातून, किंवा तलम रुमालातून, पाहण्यास मुलांना सांगावे. आरे वसाहतीच्या पाड्यांतूनही असा दिवा सहज सापडेल. एका दिव्याच्या जागी चौकटीत मांडल्यासारखे अनेक ठिपके दिसतात. कापड फिरविले की ठिपकेही फिरतात. वीण जितकी दाट, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. हे मुलांना उलटे वाटते, म्हणून दोन प्रकारची कापडे अवश्य द्यावीत. सूर्याकडे किंवा लेसरकडे कोणीही पाहू नये, ही सक्त ताकीद आधी द्यावी. शिक्षकांनी आदल्या रात्री प्रयोग स्वतः करून पाहणे इष्ट.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठिपक्यांच्या दोन आकृत्या काढून, कापड न दाखविता, कोणती वीण दाट हे मुलांना ओळखावयास लावावे. उत्तरापेक्षा कारण विचारावे. एखादा विद्यार्थी म्हणेल की कापड न पाहताच वीण कळली. तेव्हा कात्रीच्या प्रथिनाचे उदाहरण सांगावे, त्यापूर्वी नव्हे.