विशाल देखावा व लहान कॅमेरा

सोलापुरातील सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभे राहिले असता पाण्याच्या मधोमध मंदिर, काठाशी भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि भोवती पसरलेले शहर हे सर्व मान वळवून सहज पाहता येते. छायाचित्रात मात्र त्याचा एक तुकडाच उतरतो. असे अनेक तुकडे शेजारी शेजारी घेऊन, ते जोडून जे लांबरुंद चित्र तयार होते त्यास पॅनोरामा म्हणतात. हा शब्द 'सर्व' व 'दृश्य' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. रॉबर्ट बार्कर नामक चित्रकाराने १७८७ साली अशा वर्तुळाकार चित्राच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. पुढे १९०४ साली अमेरिकेत 'सर्कट' नावाच्या फिरत्या कॅमेऱ्याचे पेटंट झाले. शाळांची हातभर लांब जुनी छायाचित्रे अशाच यंत्रांनी काढलेली असत. कॅमेरा फिरत असता एखादा खोडकर मुलगा मागून धावत जाऊन रांगेच्या दोन्ही टोकांस दिसे, अशी मौज सांगतात!

अशा चित्रांसाठी कोणता लहान डिजिटल कॅमेरा घ्यावा, असे पुष्कळ विद्यार्थी विचारतात. पैसे पालकांचे खर्च व्हावयाचे, तेव्हा ह्या प्रश्नाचा विचार नीट केला पाहिजे.

जाहिरातींत मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापलेला असतो. आमच्या मते ह्या कामी त्याचे महत्त्व फार थोडे. हिशेबच करून पाहू. २८ मिलिमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुंद भिंगाचा लहान कॅमेरा उभा धरला, तर एका चित्रात आडवे सुमारे ५० अंश मावतात. शेजारच्या दोन चित्रांत २० अंशांचा भाग समाईक ठेवला, तर प्रत्येक चित्रागणिक ३० अंश पुढे सरकता येते. म्हणजे अर्ध्या वर्तुळास, १८० अंशांस, ६ चित्रे पुरतात आणि पूर्ण वर्तुळास १२ लागतात. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असला, तरी ती ६ चित्रे जोडून सुमारे ४८ मेगापिक्सेलचे चित्र तयार होते. मग मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

खरी परीक्षा निराळीच आहे. प्रकाश, रंग व अंतर ह्या तीन गोष्टी आपल्या हाताने एकदा ठरवून कायम ठेवता येतात की नाही, हे आधी पाहावे. सकाळी पूर्वेकडे तोंड केले की स्वयंचलित कॅमेरा चित्र काळवंडवितो, पश्चिमेकडे वळला की उजळवितो. अशी चित्रे जोडली म्हणजे आकाशात पट्टे उमटतात. दोन निरनिराळ्या रंगांच्या चादरी मध्येच शिवाव्यात तसे ते दिसते. म्हणून ज्याच्या चकतीवर 'एम' हे स्वहस्ते योजनेचे चिन्ह आहे, तो कॅमेरा पसंत करावा. एकदा पहिले चित्र घेतले की शेवटच्या चित्रापर्यंत झूमलाही हात लावू नये.

काही कॅमेरे नुसते फिरविले असता आपोआप लांब चित्र तयार करतात. सोनी कंपनीने २००९ साली ही सोय आणली, व आज ती बहुतेक मोबाईलांतही असते. स्थिर देखाव्यास ती पुरते. परंतु संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक चालू असता असे चित्र घेतले, तर माणसे अर्धवट कापली जातात. कारण एका क्षणी येथे असलेला मनुष्य दुसऱ्या क्षणी पुढे गेलेला असतो. तेथे वेगवेगळी चित्रे घेऊन, चालती माणसे जोडावर येणार नाहीत असे पाहणे श्रेयस्कर.

आता एक सोपा प्रयोग. एक डोळा मिटून बोट डोळ्यांपुढे धरा व डोके बाजूला हलवा. बोट मागील भिंतीवरून सरकल्यासारखे दिसेल. कॅमेरा हातात धरून आपण स्वतःभोवती फिरलो, तर जवळचा कठडा व दूरचे मंदिर ह्यांचे असेच होते आणि जोड जुळत नाही. यासाठी फिरावयाचे ते भिंगाभोवती. भिंगाच्या नळीस दोरी बांधून खाली ओळंब्याप्रमाणे वजन सोडावे, जमिनीवर खूण करावी, आणि वजन त्या खुणेवरच राहील अशा बेताने आपण कॅमेऱ्याभोवती पावले टाकावीत. महाग तिपाईचे बरेचसे काम ही दोरी करते. चित्रे जोडण्यासाठी 'हगिन' ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते.

पालकांस एक सूचना. २०१० साली जगात १० कोटींहून अधिक लहान कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. पुढे मोबाईलने त्यांची जागा घेतली व नव्या कॅमेऱ्यांची निवड आता थोडी उरली आहे. तेव्हा घरातील मोबाईलनेच प्रथम महिनाभर सराव करू द्यावा. पुष्कळ मोबाईलांत पडद्यावर बोट दाबून धरल्यास प्रकाश व अंतर कायम होतात. मुलाचा उत्साह टिकला, तर एखादा जुना पण चांगला कॅमेरा पाहावा. दुकानाच्या दारात उभे राहून ६ चित्रे घ्यावीत; सहाही चित्रांतील उजेड व रंग सारखा आला तरच पैसे द्यावेत.

हा केवळ छंद नव्हे. येथील सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या मार्गात अडथळा ठरते म्हणून २०२३ च्या जून महिन्यात पाडण्यात आली. त्यापूर्वी ज्याने त्या बाजूचे क्षितिज चित्रात उतरविले, त्याच्यापाशी आता पुन्हा न दिसणारे सोलापूर आहे. आपल्या आळीचे, शाळेच्या पटांगणाचे, गावच्या वेशीचे असे एक चित्र दरवर्षी त्याच जागेवरून घ्यावे व त्यावर तारीख लिहून ठेवावी. विद्यार्थीमित्रहो, आज नित्याचा वाटणारा देखावा उद्या कोणी शोधीत येईल. तेव्हा तो आपल्या संग्रही असावा.