ऑक्सिमीटर ९९ सांगत होता

संक्रांत, बर्लिनमधलं जुनं घर. नाशिकहून आलेले बाबा आंघोळीला गेले होते, मी गुळाच्या पोळ्या भाजत होते. बाहेर बर्फ, म्हणून खिडक्या घट्ट बंद. ओट्यावरची चिमणी चालू. बाथरूममधून धप्पकन आवाज आला. त्यानंतरच्या चार महिन्यांत शिकले ते असं :

१. चिमणी हवा बाहेर फेकते, तर ती कुठून तरी आत यायलाच हवी. आमच्याकडे ती बाथरूममधल्या गॅस हीटरच्या धुराड्यातून उलटी आली आणि कार्बन मोनॉक्साइड घेऊन आली. त्याला ना वास, ना रंग. आता चिमणी लावली की खिडकी उघडी.

२. माझंही डोकं सकाळपासून ठणकत होतं. मी पित्ताला बोल लावला, बाबांच्या मळमळीला प्रवासाला. एकाच घरात दोघांना एकदम त्रास झाला, तर आधी बाहेर पडायचं आणि मग ११२ फिरवायचा.

३. कोविडपासून जपलेला ऑक्सिमीटर मी बाबांच्या बोटाला लावला. ९९! मी निर्धास्त झाले. पण कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला दोन्ही सारखेच दिसतात. खरं काय ते अँब्युलन्सवाल्यांच्या बॅगेवर किंचाळणाऱ्या यंत्राने आणि पुढे रक्ततपासणीने सांगितलं.

४. ‘प्रेशर चेंबर कुठे आहे?’ हे पहिल्याच तासात विचारा. रक्तातला निम्मा वायू निघायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात, मास्कच्या शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास, तोच ऑक्सिजन चेंबरमधल्या अडीच-तीन पट दाबाखाली घेतला तर विसेक मिनिटं. बाबांना चोवीस तासांत तीनदा आत नेलं. ‘विमान उतरताना बसतात तसे कान बसतात, आवंढे गिळत राहायचं,’ एवढीच त्यांची तक्रार.

५. चेंबर म्हणजे हमी नव्हे. २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात, सहा आठवड्यांनी स्मृती-विचारांच्या तक्रारी चेंबरमध्ये गेलेल्यांपैकी २५ टक्क्यांत आढळल्या, इतरांपैकी ४६ टक्क्यांत. तरीही डॉक्टरांमध्ये यावर मतभेद आहेत.

६. घरी आलेला माणूस बरा झालाय असं धरून चालू नका. बाबा हसतखेळत आले आणि तिसऱ्या आठवड्यात शब्दकोड्याच्या रिकाम्या चौकोनांकडे नुसते बघत बसले. पाय घासत चालू लागले. मेंदूची इजा अशी उशिराही उघडी पडते. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून आम्ही वयाला दोष न देता परत गेलो. पुढे व्यायाम, पाढे, पत्ते. एप्रिलअखेर कोडं पुन्हा भरू लागलं. आडवे शब्द आधी, उभे बऱ्याच उशिराने.

७. जर्मनीत स्मोक अलार्म घरोघरी सक्तीचा आहे, पण त्याला हा वायू कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. आम्ही दोन घेतले.

बाबांनी तिसरा मागितला नाही. नाशिकला पोचल्यावर त्यांनी पहिला फोन प्लंबरला केला : बाथरूममधला गॅस गीझर बाहेर गॅलरीत.