वय झालं म्हणून काम सुटायला नको



या महिन्याचा अभ्यासपाठ आपल्या रसायनीतल्याच गोष्टीने सुरू करू. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. आपण तिला ‘एचओसी’ म्हणतो. आपल्या भागातल्या कितीतरी घरांच्या चुली या कंपनीच्या पगारावर पेटल्या. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिचे रसायनीतले प्लांट बंद करायचे ठरवले आणि कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली.

पण एक प्लांट बंद झाला नाही. इस्रोच्या रॉकेटच्या इंधनात लागणारं एक रसायन तिथे तयार होतं. तो प्लांट सुमारे २० एकर जागेसह इस्रोला द्यायचं ठरलं आणि सोबत त्या प्लांटवरचे कर्मचारीही. यातून आपण काय शिकायचं? नुसती यंत्रं ताब्यात घेऊन भागत नाही. ती चालवायची कशी हे ज्यांच्या हाताला माहीत आहे, ती माणसंही लागतात.

आता आपल्या गटाकडे बघू.

आपल्याकडे काय होतं?

पापड, मसाला, फराळाच्या कामात पन्नाशी ओलांडलेल्या ताई हळूहळू मागे पडतात. त्यांना ‘येऊ नका’ असं कुणी म्हणत नाही. पण ऑर्डर आली की फोन तरुण मुलींना जातो. ‘काकूंना आता बसवत नाही, कशाला त्रास द्यायचा?’ असं आपणच ठरवून टाकतो. काकूंना कुणी विचारत नाही.

काकू गेल्या की त्यांच्याबरोबर बरंच काही जातं. मिरची किती ऊन खाल्ली की कुटायची, पिठात पापडखार किती, कुठला दुकानदार पैसे लांबवतो, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. नवीन मुलगी ते शिकेपर्यंत एखादा घाणा वाया जातो आणि एखादं गिऱ्हाईक तुटतं. ते नुकसान गटाचंच.

जर्मनीतला एक प्रयोग

मोटारी बनवणाऱ्या बीएमडब्ल्यू कंपनीने २००७ साली जर्मनीत डिंगोल्फिंग इथल्या कारखान्यात एक प्रयोग केला. एका विभागात मुद्दाम वयाने मोठे कामगार जास्त ठेवले आणि ‘तुम्हाला काम करताना कुठे त्रास होतो?’ असं त्यांनाच विचारलं. त्यांच्या सांगण्यावरून सुमारे ७० लहान बदल केले. उभं राहून पाय दुखतात म्हणून लाकडी जमीन केली, बसायला खुर्च्या दिल्या, बारीक भाग दिसावेत म्हणून भिंगं दिली, कामं आलटून पालटून दिली. खर्च फार आला नाही. वर्षभरात त्या विभागाचं काम ७ टक्क्यांनी वाढलं.

आपल्याला मोटारी बनवायच्या नाहीत. पण विचारायला काय हरकत आहे?

गटात करता येईल असं

- जमिनीवर बसवत नसेल तर टेबल-खुर्ची किंवा उंच पाट द्या.
- वजन उचलणं, कुटणं तरुणांकडे. चव बघणं, मापं, माल तपासणं, गिऱ्हाइकाशी बोलणं मोठ्यांकडे.
- पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्धा दिवस ठेवा. मजुरी त्या हिशोबाने द्या, पण तासाचा दर सगळ्यांना सारखाच.
- शिकवणं हेही कामच आहे. नवीन मुलगी हाताखाली दिली तर त्या वेळेचे पैसे धरा.
- काकूंची मापं त्यांच्या नावासह गटाच्या वहीत लिहून ठेवा.

ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या ताईंसाठी

पाताळगंगा एमआयडीसीत पॅकिंगला, सफाईला, कॅन्टीनला आपल्यातल्या अनेकजणी जातात. ठेकेदार बदलतो, काम तेच राहतं. अशा वेळी आपली वर्षं हातची जाऊ देऊ नका.

१. पेन्शन : पीएफच्या पेन्शन योजनेत एकूण १० वर्षं भरली तर ५८व्या वर्षापासून महिन्याला पेन्शन मिळते. ती किमान १,००० रुपये आहे. ठेकेदार बदलला म्हणून पीएफबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतली, तर ती वर्षं मोजणीतून जातात. ६ वर्षांनी एकदा काढली आणि पुढे ५ वर्षं काम केलं, तर काम ११ वर्षं होतं पण हाती पेन्शन येत नाही. म्हणून नव्या ठेकेदाराला जुनाच यूएएन नंबर सांगा आणि जुनं खातं त्यात जोडून घ्या.

२. ग्रॅच्युइटी : कायम कामगाराला एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं झाल्यावर हा हक्क मिळतो. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. समजा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १०,४०० रुपये आहे. तर १०,४०० ला २६ ने भागून १५ ने गुणायचं. झाले वर्षाचे ६,००० रुपये. १२ वर्षांचे ७२,०००.

३. कागद : पगाराची पावती, हजेरीचं कार्ड, गेटपास फेकू नका. एका पिशवीत घालून ठेवा. ‘आता तुमचं वय झालं, उद्यापासून येऊ नका’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर किती वर्षं काम केलं हे दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. गेल्या दोन वर्षांत आपल्या गटाच्या कामातून कोणत्या ताई बाजूला पडल्या? त्यांना कुणी कारण विचारलं का?
२. आपल्या कामातली कोणती गोष्ट फक्त एकाच मोठ्या ताईंना येते?
३. कामाच्या जागेत असा कोणता बदल आहे, जो पुढच्या बैठकीआधी पाचशे रुपयांच्या आत करता येईल?

पुढच्या बैठकीचा गृहपाठ : कामाला जाणाऱ्या प्रत्येकीने आपला यूएएन नंबर लिहून आणायचा. ज्यांना मोबाईलवर पासबुक बघता येत नाही, त्यांना गटातल्या मुलींनी उमंग ॲपवर दाखवायचं. आणि बाजूला पडलेल्या ताईंच्या घरी अध्यक्षांनी स्वतः जाऊन बैठकीला बोलवायचं. निरोप पाठवून चालणार नाही.