अंगठा दुखतो, पण विणकाम सोडवत नाही

प्रश्न : शाळेत असल्यापासून विणते, क्रोशाही करते. आता वय ६८, अंगठा दुखतो. घरचे म्हणतात, बंद कर. काय करू?

उत्तर : ताई, बंद मुळीच करू नका. आधी सुया बदला. दोन लांब सुयांवर स्वेटरचं सगळं वजन मनगटांवर येतं. वायरने जोडलेली गोल सुई घेतली की ते मांडीवर विसावतं. तिच्यावर सपाट पाठ-पुढाही विणता येतो, हे अनेकींना ठाऊकच नसतं! सुती दोरा ताणला जात नाही, बोटांना छळतो, लोकर घ्या. क्रोशाची सुई जाड, मऊ मुठीची हवी. अधूनमधून हात मोकळे करा. अंगठा सुजत असेल किंवा रात्री बोटं बधिर होत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच. तोवर बारीक लेस बाजूला ठेवून जाड लोकरीची टोपी विणायला घ्या.