कांजिण्या आल्यावर आंघोळ घालावी का?

प्रश्न : मुलाला कांजिण्या आल्यात. आंघोळ घातली तर फोड आत जिरतात, औषधही देऊ नये, असं सासूबाई म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, घाबरू नका. कांजिण्या विषाणूमुळे येतात. पाण्याने फोड आत जिरत नाहीत. उलट मळलेली त्वचा खाजवली की जखमा चिघळतात. म्हणून कोमट पाण्याने आंघोळ घाला, अंग हलकेच टिपा, नखं कापा, खाजेवर कॅलामाइन लावा. औषधाबाबत सासूबाईंची सावधगिरी थोडी रास्तही आहे : तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या, पण अ‍ॅस्पिरिन कधीही नको, त्याने यकृताला, मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नका, गरोदर स्त्रियांपासून दूर ठेवा. धाप, गुंगी किंवा फोडांभोवती लाल, गरम सूज दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.