लॅपटॉपच्या जागी छोटा डेस्कटॉप घेताना

लॅपटॉप बंद पडला म्हणजे त्यातलं सगळंच गेलं असं नसतं. पडदा काळा आहे, पण पंख्याचा आवाज येतोय आणि कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, असं असेल तर एचडीएमआय केबलने तो घरच्या टीव्हीला जोडून बघावा. टीव्हीवर चित्र आलं तर बहुधा पडदाच गेलेला असतो. अशा लॅपटॉपला एक मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडला की तोच डेस्कटॉप होतो, दुसरं काही घ्यावं लागत नाही.

माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्डच गेला होता. तो बदलायचा जो खर्च दुरुस्तीवाल्याने सांगितला, तो सहा वर्षं जुन्या यंत्रावर घालणं मला पटेना. मी सांगलीत घरून मराठी पुस्तकांचं डीटीपी करते. नवा लॅपटॉप परवडणारा नव्हता आणि जुना तसाही कधी टेबलावरून हलत नव्हता. म्हणून कंपन्यांतून निघालेला, जाडजूड पुस्तकाएवढा छोटा डेस्कटॉप घ्यायचं ठरवलं. तो घेताना जे जे समोर आलं ते माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

दुकानात जाण्याआधी जुन्या लॅपटॉपमधला डेटा बाहेर काढा. एसएसडी काढून बाहेरच्या केसिंगमध्ये घातली की ती यूएसबीला जोडता येते. केसिंग मात्र तुमच्या एसएसडीच्या जातीचं हवं, म्हणून एसएसडी बरोबर घेऊनच दुकानात जावं. माझी एसएसडी जोडल्यावर पडद्यावर कुलूप आलं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली. अलीकडच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चालू मदरबोर्ड ते कुलूप आपल्या नकळत उघडत असतो. तो गेला की रिकव्हरी की लागतेच. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खातं उघडलं आणि ती मिळाली. पण खात्याचा पासवर्ड आठवत नसता, किंवा त्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला असता, तर सगळी पुस्तकं डोळ्यांसमोर असूनही हाती लागली नसती. ज्यांचा लॅपटॉप आज धडधाकट आहे त्यांनी ही की आजच कागदावर लिहून ठेवावी.

डीटीपीवाल्यांना आणखी एक सांगते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर कॉपी केले की काम झालं असं वाटतं. फॉन्ट त्यात नसतात, ते विंडोजच्या फोल्डरात असतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली तर मराठीऐवजी चिन्हांचा खच दिसतो. म्हणून फॉन्टचं फोल्डर आधी उचला.

आता खुद्द यंत्र. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी या नावांनी हे छोटे डेस्कटॉप ओळखले जातात. मोठ्या कचेऱ्या काही वर्षांनी संगणक बदलतात, तेव्हा ते घाऊक व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून आपल्या गावच्या दुकानात येतात. दुकानदार सांगतो, ‘ताई, आय-फाइव्ह आहे.’ एवढ्यावर काहीच कळत नाही. आय-फाइव्ह दहा वर्षांपूर्वीही होता आणि आजही आहे. त्यापुढचा आकडा बघायचा. आय५-६५००टी म्हणजे सहावी पिढी, आय५-८५००टी म्हणजे आठवी. शेवटच्या टीचा अर्थ कमी वीज खाणारा, ३५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर. सातव्या पिढीच्या आय५-७५००टीमध्ये चार कोअर आहेत, आठव्या पिढीच्या ८५००टीमध्ये सहा. त्याहून मोठी गोष्ट अशी की इंटेलमध्ये विंडोज ११ साठी, थोडे अपवाद सोडले तर, आठवी पिढी किंवा त्यापुढचाच प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मला आधी दाखवलेलं यंत्र सहाव्या पिढीचं होतं आणि त्यात विंडोज ११ आडमार्गाने घातलेलं होतं. चालत होतं छान. पण पुढची अपडेट त्यावर नीट येतीलच याची हमी कोण देणार? ज्या यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या बाबतीत दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचं काम फक्त ब्राउझर, पत्रं आणि हिशेबापुरतं आहे त्यांनी जुन्या पिढीवर लिनक्स मिंट घालून बघावं. मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंग त्यावर नीट चालतं.

आठव्या पिढीचं यंत्र मला १५,५०० रुपयांना मिळालं, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह. लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं असं घरच्यांना वाटलं. पण लॅपटॉप घेताना आपण पडदा, कीबोर्ड, कॅमेरा, माइक, स्पीकर आणि बॅटरी हे सगळं एकत्र घेतलेलं असतं, आणि या डब्याबरोबर त्यातलं जवळपास काहीच येत नाही. २२ इंची मॉनिटर ६,८००, यूपीएस ३,१००, माइक असलेला वेबकॅम १,४००, कीबोर्ड-माउस ७५० आणि मॉनिटरची केबल ४५०. बेरीज २८,००० रुपये. हातात पंधरा हजार घेऊन निघालेल्या माणसाने ही बेरीज निघण्याआधी करावी. मॉनिटर घरात असेल तर हा सौदा फारच चांगला. वरचं सगळं विकत घ्यायचं असेल, तर वापरलेल्या लॅपटॉपची किंमतही एकदा विचारून घ्यावी.

केबलचे साडेचारशे कशाला, असं वाटेल. यातल्या बऱ्याच यंत्रांना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं, आणि स्वस्त मॉनिटरला एचडीएमआय. मधली केबल साधारणपणे एकाच दिशेने चालते. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय, असं दुकानदाराला सांगूनच मागायची. उलट दिशेची केबल अगदी तशीच दिसते, पण पडदा काळाच राहतो.

पैसे देण्याआधी यंत्र दुकानातच चालू करून घ्या, आणि चालू होताना बायोसमध्ये जाऊन बघा. तिथे पासवर्ड मागितला तर तो काढून मिळेपर्यंत यंत्र घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मुद्रितशोधकांनी तसं यंत्र घेतलं. विंडोज बिघडल्यावर ते पेन ड्राइव्हवरून पुन्हा घालताच येईना, कारण जुन्या कंपनीचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. अडॅप्टरही मूळ कंपनीचा आणि पुरेशा वॉटचा आहे ना ते पाहा. काही यंत्रं अडॅप्टर ओळखतात, आणि परका लावला की प्रोसेसर संथ करून टाकतात. वायफायचं कार्ड आणि अँटेना आत आहे का, सेटिंग्जमध्ये विंडोज अॅक्टिव्हेटेड दिसतं का, क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत किती टक्के दिसते, हेही तिथेच तपासायचं. बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर यंत्राचा सीरियल नंबर हवा, नाहीतर तोंडी दिलेल्या वॉरंटीला अर्थ नाही.

जुन्या लॅपटॉपची रॅम फेकू नका. या छोट्या डेस्कटॉपना लॅपटॉपचीच रॅम लागते. माझी ८ जीबीची डीडीआर४ पट्टी दुसऱ्या खाचेत बसली आणि १६ जीबी झाली. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती फार चढल्या, त्यामुळे ही बचत लहान नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते, तिथे इलाज नाही.

सगळ्यांत जास्त अडचण विजेने केली. लॅपटॉपच्या बॅटरीमुळे वीज गेलेली कळतही नसे. पावसाळ्यात आमच्याकडे ती क्षणभर जाते आणि येते, आणि तेवढ्या क्षणाला डेस्कटॉप बंद होतो. उघडी फाइल त्यात खराब होऊ शकते. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची वायर दिवे आणि पंख्यांपुरतीच फिरवलेली, टेबलाजवळचा प्लग त्यावर नव्हताच. वायरमनकडून तो प्लग जोडून घेता येतो. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं तर वीज लवकर पालटते आणि सहसा संगणक बंद पडत नाही. आमच्या इन्व्हर्टरला ते बटण नव्हतं, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. मॉनिटर धरूनही हे यंत्र फार वीज ओढत नाही, त्यामुळे फाइल जतन करून शांतपणे बंद करायला भरपूर वेळ मिळतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, तो खर्च आत्ताच धरून ठेवलेला बरा.

मृत लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका आणि घंटागाडीतही टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.